शेवटच्या शेताचे पाणी

सह्याद्रीच्या रांगांत उगम पावून पूर्वेकडे वाहत येणारी पांझरा ही खानदेशातील एक लहानशी नदी आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका ओलांडून ती धुळे शहरातून जाते आणि पुढे उत्तरेकडे वळून तापीला मिळते. तिच्या उगमाकडील डोंगरांत पाऊस बऱ्यापैकी पडतो. परंतु जसजसे पूर्वेकडे यावे, तसतसा तो कमी होत जातो. पावसाळ्यात दुथडी भरून धावणारी ही नदी उन्हाळ्यात एखाद्या ओहोळासारखी बारीक होते. अशा नदीच्या काठी बागायत करायची, तर पाण्याचा थेंब न् थेंब जपून वापरावा लागतो. हे जपणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे, हे तेथील लोकांनी फार पूर्वीच ओळखले आणि पाणी सर्वांनी मिळून वापरण्याची एक रीत घालून घेतली. तिला 'फडपद्धती' असे म्हणतात. पांझरेप्रमाणेच नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांच्या काठीही ती रूढ होती. सुमारे तीनचारशे वर्षांची ही रीत काही गावांतून अजूनही टिकून आहे.

पौष महिन्यातील एका रविवारी धुळ्याचे एक कुटुंब असाच एक फड पाहावयास निघाले. आईवडील आणि दोन मुले, असे ते चौघांचे कुटुंब होते. मुलगा सातवीत होता व मुलगी पाचवीत. आईचे माहेर पांझरेच्या काठी होते आणि आजोबांनी मुलांना पुष्कळ दिवसांपासून बोलावले होते. त्या दिवशी पहाटे नळाला पाणी आले होते. ते नेहमीप्रमाणे फार बारीक येत असल्यामुळे वडिलांनी नळाला वीजमोटार जोडून टाकी भरून घेतली. त्यात थोडा वेळ गेला, तरी आठाच्या सुमारास मंडळी गावी पोहोचली.

मुलाच्या मनात फडाविषयी मोठे कुतूहल होते. 'फड' म्हटले की त्याला कुस्तीचा फड आठवे. "आजोबा, तुमच्या फडात कुस्त्या होतात का?" असे त्याने आल्याआल्याच विचारले. आजोबा हसले आणि म्हणाले, "आमचा फड निराळा. आमच्याकडे जमिनीच्या मोठ्या तुकड्याला फड म्हणतात. कुस्ती कराविशी तेथेही पुष्कळांना वाटते. पण ती होऊ नये म्हणूनच तर फड बांधला आहे. चला, आधी बंधाऱ्यावर जाऊ. पाण्याबरोबर चालत गेले म्हणजे सारे आपोआप समजेल."

बंधारा गावापासून थोडा वर, नदीच्या पात्रात होता. दगड आणि चुना यांनी बांधलेली ती एक बुटकी, रुंद भिंत होती. मुलांनी मोठी धरणे पाहिली होती. त्यांच्या मानाने ही भिंत त्यांना अगदीच लहान वाटली. परंतु धरणाचे काम वेगळे आणि बंधाऱ्याचे काम वेगळे. धरण पाणी साठवून ठेवते. बंधारा पाणी साठवीत नाही. वाहत्या पाण्याची पातळी थोडी उंचावून तो त्यातील काही पाणी काठावरच्या कालव्यात वळवितो. कालव्याला लागेल तेवढे पाणी त्यात जाते आणि उरलेले भिंतीवरून सांडून नदीच्या वाटेने पुढे निघून जाते. पांझरेवर असे बंधारे एकाखाली एक बांधलेले होते. वरच्या बंधाऱ्यावरून सांडलेले, त्याच्या खालून झिरपलेले आणि वरच्या शेतांतून निथळून परत नदीत आलेले पाणी खालच्या बंधाऱ्याच्या उपयोगी पडे. अशा रीतीने एकच नदी अनेक गावांना पुरवून पुरवून वापरता येई.

बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्याच्या काठाने मंडळी चालू लागली. कालवा मातीचा होता आणि पाणी त्यातून संथपणे जात होते. थोडे अंतर चालल्यावर मुलीच्या ध्यानात एक गोष्ट आली. आरंभी नदी आणि कालवा अगदी शेजारी होते. आता नदी पुष्कळ खाली दिसत होती. "आजोबा, कालवा वर वर चढत चालला आहे का?" तिने विचारले. पाणी कधी वर चढत नाही, हे आजोबांनी तिला समजावून सांगितले. नदीचा उतार जास्त असतो आणि कालव्याचा उतार मुद्दाम कमी ठेवलेला असतो. त्यामुळे दोघेही उतारावरूनच वाहत असले, तरी नदी भराभर खाली जाते आणि कालवा मागे उंचावर राहतो. या दोहोंच्या मधली जी जमीन, ती कालव्यापेक्षा सखल असते. म्हणून तिला पाणी द्यावयास इंजिन लागत नाही की वीज लागत नाही. ज्या कारागिरांनी कित्येक पिढ्यांपूर्वी हा उतार साधला, त्यांच्यापाशी आजच्यासारखी मोजणीची यंत्रे नव्हती. तरीही फडांचे हे कालवे दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब गेलेले आहेत. त्यांतून सामान्यतः सेकंदाला साडेचारशे लिटरपर्यंत पाणी वाहू शकते. म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपे भरून वर थोडे उरावे, इतके पाणी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुढे निघून जाते.

कालव्याला ठिकठिकाणी फाटे फुटले होते. त्यांना 'चाऱ्या' म्हणतात. चारीतून निघणाऱ्या लहान पाटांनी पाणी एकेका शेतात जाते. आणखी एक प्रकारचा फाटा होता, तो मात्र शेताकडे न जाता नाल्याकडे जात होता. त्याला 'सांडम' म्हणतात. कालव्यात पाणी प्रमाणाबाहेर झाले, तर ते या सांडमातून बाहेर काढून पुन्हा नदीत सोडले जाते. पिकाला पाणी कमी पडणे जसे वाईट, तसेच ते जास्त होणेही वाईट. जमिनीत पाणी तुंबून राहिले म्हणजे मुळे कुजतात आणि खालचे क्षार वर येऊन जमीन नापीक होते. पाणी आणण्याची वाट जेवढ्या काळजीने केलेली, तेवढ्याच काळजीने पाणी घालवण्याचीही केलेली, असे येथे दिसून येई.

एका वळणावर आजोबा थांबले. समोर दूरवर पसरलेले हिरवे मैदान दिसत होते. जिकडे नजर जाईल तिकडे गहूच गहू होता. मध्ये एकही कुंपण नव्हते. पलीकडे तितकाच मोठा उसाचा पट्टा वाऱ्यावर सळसळत होता आणि त्याच्याही पलीकडे हरभरा होता.

"यांतले आपले शेत कोणते?" मुलाने विचारले.

आजोबांनी गव्हाकडे बोट दाखविले. "ते दोन दगड दिसतात ना, त्यांच्यामधला पट्टा आपला. उसातही आपला एक तुकडा आहे आणि तिकडे हरभऱ्यातही आहे."

"म्हणजे हे सगळे शेत एका माणसाचे नाही?"

"नाही रे बाबा. शेते अनेकांची आहेत. फड मात्र सर्वांचा एक आहे."

फडपद्धतीचे मर्म याच वाक्यात साठवलेले आहे. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या गावच्या जमिनीचे सामान्यतः तीन किंवा चार मोठे भाग पाडलेले असतात. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. काही फड दहा हेक्टरांचे असतात, तर काही दोनशे हेक्टरांपर्यंतही असतात. जमिनीची मालकी ज्याची त्याचीच असते आणि पीकही ज्याचे त्याचेच असते; परंतु कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, हे एकेकट्याने ठरवावयाचे नसते. नदीला पाणी किती आहे हे पाहून सर्व शेतकरी मिळून ते ठरवितात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, असा नियम आहे. ज्या फडात ऊस ठरला, तेथे सर्वांचा ऊस; ज्यात गहू ठरला, तेथे सर्वांचा गहू. एखाद्या वर्षी पाणी फारच कमी असेल, तर एखादा फड पाण्यावाचून ठेवण्याचेही ठरते. बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनीचे लहान लहान तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असतात. त्यामुळे एक फड कोरडा राहिला, तर त्याची झळ कोणा एकालाच लागत नाही. ती सर्वांमध्ये वाटली जाते. लाभ वाटून घेणे सोपे असते. तोटा वाटून घेण्याची सोय करणे अवघड. ही अवघड गोष्ट फडाने साधलेली आहे.

एका फडात एकच पीक असावे, या नियमामागे आणखीही कारणे आहेत. उसाला वर्षभर पाणी लागते. हरभऱ्याला फार थोडे लागते. उसाच्या शेजारी हरभरा पेरला, तर उसाला दिलेले पाणी पाझरून हरभऱ्याचे नुकसान करील. सर्वत्र एकच पीक असले, म्हणजे सर्व शेतांना एकाच वेळी पाण्याची गरज लागते आणि पाण्याची पाळी बिनचूक लावता येते. पिकाची राखणही सोपी होते. प्रत्येकाला वेगळे कुंपण घालावे लागत नाही. शिवाय यंदा ज्या फडात ऊस झाला, तेथे पुढे दुसरे पीक येते. अशी फेरपालट झाल्याने जमिनीचा कस टिकून राहतो आणि ती पाणथळ होण्याचे भयही कमी होते.

या साऱ्या व्यवस्थेवर देखरेख ठेवण्यासाठी गावकरी आपल्यातून पंच निवडतात. पंचांच्या हाताखाली काही सेवक असतात. कालव्यातून कोणत्या फडाला केव्हा पाणी सोडावयाचे, हे 'पाटकरी' पाहतो. पिकाला पाणी देण्याला शेतकरी 'बारे देणे' म्हणतात. चारीतून प्रत्येक शेतात पाणी देण्याचे काम करणारा तो 'बारेकरी'. पिकाची राखण करणारा तो 'जागल्या'. या सर्वांच्या कामावर 'हवालदार' लक्ष ठेवतो. यांतील बारेकऱ्याचे काम सर्वांत नाजूक आहे. शेताचा मालक आपल्या शेताला स्वतः पाणी देत नाही. तो शेतावर हजर असो वा नसो, श्रीमंत असो वा गरीब, त्याच्या शेताची पाळी आली म्हणजे बारेकरी पाणी सोडतो आणि शेत भिजले म्हणजे बंद करतो. ज्याला पाण्याचा लोभ सुटण्याचा संभव, त्याच्या हातात पाण्याचे दार ठेवावयाचे नाही, असा हा शहाणपणाचा नियम आहे.

बोलत बोलत मंडळी आजोबांच्या शेतापाशी आली. त्यांचे हे शेत फडाच्या मुखाशी, म्हणजे चारी जेथे सुरू होते तेथे होते. गहू निसवण्याच्या बेतात होता. अशा वेळी गव्हाला पाणी हवेच असते. ते चुकले, तर ओंबी नीट भरत नाही. शेतातील माती मात्र सुकून पांढुरकी झाली होती आणि तिला बारीक भेगा पडू लागल्या होत्या. आश्चर्य असे की, शेताच्या अगदी बांधावरून चारी भरून वाहत होती. त्या पाण्याचा आवाजही ऐकू येत होता.

मुलाने भेगा पाहिल्या, पाणी पाहिले आणि बांधावर पडलेले फावडे उचलले. "आजोबा, फावडेभर माती काढली की पाणी आत येईल. काढू का?"

आजोबांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "नको. यंदा पाणी शेपटाकडून सुरू करण्याचे ठरले आहे. आपली पाळी अजून तीन दिवसांनी."

गावच्या नेमाप्रमाणे एका वर्षी पाण्याची पाळी फडाच्या मुखाकडून सुरू होई, तर दुसऱ्या वर्षी शेपटाकडून, म्हणजे चारीच्या अगदी टोकाच्या शेताकडून. पाण्याचा स्वभाव असा की, ते आधी जवळच्याला भेटते. कोणताही नियम नसेल, तर मुखाकडच्या शेतांना नेहमीच भरपूर पाणी मिळावयाचे आणि टोकाच्या शेतांनी नेहमीच वाट पाहावयाची. पाण्याचा हा पक्षपात माणसाने नियम करून दूर केला होता.

हे ऐकूनही मुलाचे समाधान झाले नाही. त्याने इकडे तिकडे पाहिले. बारेकरी कोठे दिसत नव्हता. "पण आजोबा, थोडेसे घेतले तर कोणाला दिसणार आहे?" तो हळूच म्हणाला.

"येथे कोणाला दिसणार नाही, हे खरे," आजोबा शांतपणे म्हणाले, "पण शेवटच्या शेतात पाणी पोहोचले नाही, की ते साऱ्या गावाला दिसेल. आणि एवढेच नाही. मघाशी बंधारा पाहिलास ना? पुरात त्याचे दगड निखळतात. कालव्यात दरवर्षी गाळ साचतो. तो काढावयास प्रत्येक घरातून माणूस येतो. शेपटाकडचेही येतात. त्यांना पाणीच मिळाले नाही, तर ते कशाला येतील? आणि ते आले नाहीत, तर गाळ कोण काढील? मग या चारीत पाणी तरी कोठून येईल? आपल्या शेताला पाणी मिळते, ते टोकाच्या शेतकऱ्याच्या हातांनी मिळते. त्याचे पाणी तोडणे म्हणजे आपलेच तोडणे."

मुलाने फावडे खाली ठेवले. परंतु त्याची नजर त्या भेगांवरून हटत नव्हती. आजोबाही क्षणभर गव्हाकडे पाहत राहिले. तीन दिवस थांबणे त्यांनाही सोपे नव्हते. नियम पाळणाऱ्याला नियमाचा भार जाणवत नाही, असे नसते. तो भार उचलण्याचे त्याने ठरवलेले असते, इतकेच.

इतक्यात चारीच्या काठाने बारेकरी आला. "राम राम, आप्पा," त्याने दुरूनच हाक दिली. त्याची नजर प्रथम बांधाकडे गेली आणि मग पाहुण्यांकडे. "पाणी शेवटाला पोहोचत आले. पाहावयाचे असेल, तर पोरांना घेऊन चला माझ्याबरोबर."

सगळे चारीच्या कडेने टोकाकडे निघाले. पाऊण तास चालावे लागले. फडातील शेवटचे शेत अर्ध्या एकराचेही नसेल. ते एका म्हाताऱ्या बाईचे होते. तिचा मुलगा कामधंद्यासाठी सुरतेला गेला होता आणि शेत तीच एकटी पाहत असे. कोरड्या पाटात प्रथम एक ओली रेघ दिसली. मग फेसाची एक लहानशी लाट पालापाचोळा पुढे ढकलीत आली. भेगांत पाणी शिरताच मातीतून बुडबुडे निघू लागले आणि ओल्या मातीचा वास दरवळला. पाण्याने बाहेर पडलेले किडे टिपावयास बगळे उतरले. "पानी उनं!" ती म्हातारी अहिराणी बोलीत आनंदाने म्हणाली. 'पाणी आले' याहून त्या शब्दांचा अर्थ अधिक नव्हता. पण ते मुलांच्या पुढे पुष्कळ दिवस ध्यानात राहिले.

बारेकऱ्याने फावड्याने एका वाफ्याचे तोंड उघडले, तो भिजताच बंद केले आणि दुसऱ्याचे उघडले. म्हातारीला काहीच करावे लागले नाही. तिने पाहुण्यांना बांधावर बसविले, काडीकचरा पेटवून हरभऱ्याचे घाटे भाजले आणि तो गरम गरम हुळा मुलांच्या ओंजळीत घातला. मुलाने तिला विचारले, "आजी, पाणी उशिरा आले तर तुम्हांला भीती वाटत नाही का?" ती म्हणाली, "पाणी कमी आले, तर सर्वांनाच कमी येईल. मग भीती कसली? मला एकटीलाच आले नाही, तर भीती."

दुपारी आजोबांच्या घरी वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी असे जेवण झाले. जेवणानंतर फडाविषयी आणखी गोष्टी निघाल्या. पुढे भारतरत्न झालेले थोर अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले. त्या वेळी ते अगदी तरुण होते. त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक काम याच पांझरेच्या परिसरात, दातर्ती येथे होते. पाण्याचा एक प्रवाह ओलांडून नळातून पाणी पलीकडे नेण्याची ती योजना होती. पुढे त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी 'ब्लॉक पद्धत' सुचविली. तीतही जमिनीचे गट पाडून त्यांत पिकांची फेरपालट करावयाची, अशी कल्पना होती. फडाच्या रीतीशी तिचे साम्य सहज ध्यानात येते.

सर्वांच्या मालकीची वस्तू कोणीच जपत नाही, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतील विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी या समजुतीचा आयुष्यभर अभ्यास केला. निरनिराळ्या देशांतील सामाईक कुरणे, जंगले, मासेमारी आणि कालवे यांची उदाहरणे तपासून त्यांनी दाखवून दिले की, लोक स्वतः नियम करून सामाईक वस्तू पिढ्यान् पिढ्या जपू शकतात. या कार्याबद्दल त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खानदेशातील शेतकऱ्यांनी ती गोष्ट ग्रंथांत न लिहिता जमिनीवर लिहून ठेवली होती.

तथापि, फडाची सारीच कथा आनंदाची नाही. आजोबांच्या लहानपणी जेवढी गावे फड चालवीत, तेवढी आता उरली नाहीत. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली आणि पात्रातील वाहते पाणी कमी झाले. घरोघरी विहिरी झाल्या, त्यांवर विजेचे पंप बसले. ज्याच्यापाशी स्वतःची विहीर आहे, त्याला कालव्याची वाट पाहण्याची गरज वाटेनाशी झाली. ज्याला कालव्याची गरज नाही, तो गाळ काढावयास येईना. कोणी गव्हाच्या फडात ऊस लावू लागले. कित्येक ठिकाणी बंधारे फुटले ते पुन्हा बांधले गेले नाहीत. एकेकट्याच्या सोयीने फड एकेका धाग्याने उसवत गेला. पुढे विहिरींचेही पाणी खोल गेले, तेव्हा मिळून पाणी वापरण्याची आठवण पुष्कळांना झाली.

फडात आणखी एक उणीव मूळचीच होती. पाणी जमिनीला मिळे. ज्याला जमीनच नाही, त्याला पाण्याचा वाटा नसे. ही उणीव पुणे जिल्ह्यातील एका प्रयोगाने दूर करण्याचा यत्न केला. १९७२ च्या मोठ्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी वाटण्याची नवी रीत घालून दिली. ती 'पाणी पंचायत' या नावाने प्रसिद्ध आहे. तीत पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने दिले जाई. घरातील दर माणशी अर्ध्या एकराचे आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे पाणी, असे प्रमाण होते. भूमिहीनांनाही वाटा होता. ऊस लावावयास बंदी होती. पुढे २००५ साली महाराष्ट्र शासनाने कायदा करून कालव्यांचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याची तरतूद केली. रीती बदलतात, काळाप्रमाणे त्या बदलाव्यातही लागतात. परंतु पाणी टोकापर्यंत पोहोचले की नाही, ही कसोटी जुन्या फडाला जशी लागू होती, तशीच ती नव्या संस्थेलाही लागू आहे.

उन्हे कलती झाल्यावर मंडळी परत निघाली. निघताना मुलाने आजोबांना विचारले, "तीन दिवसांनी पाणी आले, की मला कळवाल?" आजोबांनी मान डोलावली. चौथ्या दिवशी सकाळी आजोबांचा निरोप आला. पाणी पाळीप्रमाणे आले होते आणि गहू तरला होता.

त्याच दिवशी घरी नळाला पाणी आले. वडील मोटार लावावयास उठले. मुलगा त्यांच्यामागे गेला आणि थोडा घुटमळून त्याने विचारले, "बाबा, आपल्या गल्लीतले अगदी शेवटचे घर कोणाचे आहे?"

वडिलांनी त्याच्याकडे पाहिले. त्यांनी काहीच उत्तर दिले नाही. हातातील मोटारीची नळी त्यांनी गुंडाळली आणि खुंटीला अडकवून ठेवली. त्या दिवशी टाकी भरावयास नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ लागला. मुलगी मध्येच धावत गल्लीच्या टोकाला जाऊन आली. तेथील नळाला करंगळीएवढी धार होती. पण ती होती, आणि तिच्याखाली एक हंडा भरत होता.